सखाहरीनं घरात दुसरी बसवली

पिंपळदरी नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव सखाहरी. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं तेवढं करायचा. त्याच्या पुढचं नाही, त्याच्या मागचं नाही. कुणी म्हणालं, "सखाहरी, जरा बस," की बसायचा. ऊठ म्हणेपर्यंत बसायचा. एकदा भजनाला बसला आणि मंडळी उठवायला विसरली, तर सकाळी पुजारी आला तेव्हा टाळ हातात धरून तिथंच.

त्याची बायको सुलभा. ती हुशार. घराच्या पुढच्या खोलीत तिनं पत्रिका छापायचं दुकान थाटलं होतं. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कागद कापायचं एक उंच लोखंडी मशीन. कॉम्प्युटर सुलभा चालवायची, सखाहरी पाकिटं चिकटवायचा. पाकिटं तो फार सुरेख चिकटवायचा. कारण त्यात "चिकटवा" एवढंच सांगावं लागायचं.

पुढं कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू केला की चहा उकळायचा, चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचे, तरी पडद्यावर आपली चकरी फिरतेच आहे. लग्नसराई तोंडावर आलेली. सुलभानं पुण्याला भावाला फोन लावला. भाऊ शशिकांत, कॉम्प्युटरच्याच धंद्यात.

तो म्हणाला, "ताई, मशीन ठणठणीत आहे. आतली सिस्टीम जुनी झालीय. मशीनला कामाला लावणारी असते ना, ती. पण तिला काढू नकोस, तुझ्या सगळ्या पत्रिका तिच्याकडे आहेत. तिच्याच शेजारी दुसरी बसवू. लिनक्स म्हणतात तिला. हलकी असते, भरभर चालते. रोज चालू करताना मशीनच विचारेल, आज जुनी पाहिजे की नवी?"

सुलभाला पटलं. पण त्याच वेळी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. माहेरी जाणं भाग होतं. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, शशी फोनवर सांगेल तसं करा. मी येईपर्यंत दुसरी बसवून ठेवा."

सांगेल तसं करा, असं सखाहरीला सांगून ती एसटीत बसली. एरवी ती हुशार होती.

दुसऱ्या दिवशी शशीचा फोन आला. "दाजी, टेबलाच्या खणात ताईचा पेनड्राइव्ह असेल. तो रिकामा करा आणि एसटीच्या पार्सलनं मला पाठवा. मी त्यात नवी सिस्टीम भरून परत पाठवतो."

सखाहरीनं पेनड्राइव्ह घेतला. अडकित्त्यानं त्याची शिवण उकलली. आत एक हिरवी पट्टी होती. ती उपसली, फेकली. आत फुंकर मारली. उजेडाकडं धरून एका डोळ्यानं बघितलं. पार रिकामा. मग पार्सल केलं.

शशीचा फोन आला. "दाजी, हे नुसतं टरफल काय पाठवलंत?"

"तूच म्हणालास, रिकामा कर."

"आतली पट्टी कुठाय?"

"उकिरड्यावर. आत कणभर ठेवलं नाही बघ."

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. मान ठेवावा लागतो. शशी सावकाश म्हणाला, "दाजी, रिकामं करायचं म्हणजे उपसायचं नसतं. आतलं आतच राहू द्यायचं आणि नुसतं पुसून घ्यायचं. असू दे. मी इथूनच दुसरा पाठवतो."

"आता कळलं," सखाहरी म्हणाला. आणि खरंच कळलं होतं. गोष्ट मनात पक्की बसली.

फोन ठेवतो तोच शेजारच्या गजराकाकू चिनीमातीची बरणी घेऊन दारात. "सखाहरी, लोणच्याची बरणी तेवढी रिकामी करून दे रे बाबा. माझा हात दुखतोय. नवं लोणचं घालायचंय."

सखाहरीनं स्वच्छ फडकं घेतलं. आतलं आतच ठेवलं आणि पुसायला बसला. बरणी बुडापर्यंत पुसली. एकेक फोड पुसली. तेल नाही, खार नाही, मोहरीची डाळ नाही. फोडी अशा लख्ख झाल्या की आत्ता झाडावरून उतरवल्यात.

गजराकाकूंनी बरणीत डोकावलं. "मेल्या, हे काय केलंस?"

"रिकामी केली. आतलं आतच ठेवून."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, रिकामं करायचं म्हणजे आधी आतलं सगळं बाहेर काढायचं! अंगणात चटई टाकायची, वर पसरायचं, ऊन दाखवायचं. मग पुढचं काम!"

"असं होय! आता कळलं, काकू."

दोन दिवसांनी शशी फोनवर म्हणाला, "दाजी, पेनड्राइव्ह उद्या स्टँडवर येतोय. पण नवी बसवायच्या आधी जुनीतल्या सगळ्या पत्रिका बाहेर काढून ठेवाव्या लागतील. मधे काही गडबड झाली तरी त्या वाचतील. जमेल का, की मी सांगू कसं ते?"

"जमेल की. न जमायला काय झालं? ऊनपण झकास पडलंय."

शशीला वाटलं, दाजी हवापाण्याचं बोलतायत. तोही म्हणाला, "इकडंपण तापलंय."

प्रिंटरचं बटण सुलभानं शिकवून ठेवलं होतंच. सखाहरीनं जुनीतली एकेक पत्रिका उघडली आणि छापून बाहेर काढली. अंगणात चटया टाकल्या. चटया संपल्या तेव्हा लुगडी अंथरली. गेल्या कित्येक वर्षांतली लग्नं, मुंजी, बारशी ओळीनं उन्हात मांडली. आणि समाधानानं आत जाऊन भाकरी खाल्ली.

तेवढ्यात वावटळ आली.

गावातलं प्रत्येक झालेलं लग्न पुन्हा एकदा घरोघरी गेलं. देवराम शिंप्याच्या दारात त्याची स्वतःचीच पत्रिका येऊन पडली. ती वाचून तो बायकोला म्हणाला, "माझं लग्न आहे म्हणे सोमवारी." बायको म्हणाली, "जाऊ नका. मी गेले होते एकदा." तिसरीतल्या एका मुलाला त्याच्याच बारशाचं आमंत्रण गेलं. दोन म्हातारे तर फेटे बांधून मंगल कार्यालयाच्या बंद दारात संध्याकाळपर्यंत बसले. वरपक्ष भारीच गरीब दिसतोय, साधं पाणीसुद्धा विचारत नाही, असं म्हणत परत आले.

शशीनं हे ऐकलं आणि त्याला ठसका लागला. "अहो, बाहेर म्हणजे अंगणात नाही हो, दाजी! दुसरी एक प्रत करून दुसरीकडं ठेवायची! सांभाळायची चीज सगळी एकाच घरात ठेवू नये. एक आपल्याकडं, एक दुसऱ्याकडं. एक गेली तरी एक राहते. आता पत्रिकांना हात लावू नका, त्यांचं मी बघतो."

"हे तू आधी सांगायचंस," सखाहरी म्हणाला. "आता कळलं."

त्यानं घरभर नजर फिरवली. दोन समया होत्या. एक गजराकाकूंच्या फळीवर नेऊन ठेवली. दोन उश्या होत्या. एक काकूंच्या पलंगावर. पायांत दोन चपला होत्या. उजवी काढली आणि काकूंच्या दारामागं ठेवून आला. मग डाव्या चपलेवर पेनड्राइव्ह आणायला तालुक्याला निघाला.

भर उन्हाचा डांबरी रस्ता. डावा पाय चालत होता, उजवा नाचत होता. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता खाली बघितलं. "पाव्हणं, दुसरी चप्पल?"

"आहे की. शेजारी सांभाळून ठेवलीय. ही हरवली तर ती राहील."

कंडक्टरनं सुट्टे पैसे दिले आणि पार पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

सखाहरी पार्सल घेऊन घरी आला तेव्हा उजव्या तळव्याला फोड आला होता. ओट्यावर गजराकाकू चप्पल हातात धरून बसल्या होत्या. पण त्याचा पाय बघितला आणि त्यांना मारवेना. त्यांनी तळव्याला खोबरेल लावलं. लावता लावता म्हणाल्या, "वेड्या, जोडीच्या वस्तू अशा तोडू नयेत. दोघी एका छपराखाली ठेवाव्या. वाटलं तर मधे फळी घालावी. पण छप्पर एक."

"आता कळलं, काकू," सखाहरी म्हणाला. पायाला गार वाटत होतं, त्यामुळं जास्तच कळलं.

संध्याकाळी शशी म्हणाला, "पेनड्राइव्ह मिळाला ना? झकास. आता महत्त्वाचं काम. पार्टिशन. अर्धी जागा जुनीला, अर्धी नवीला. नवी जुनीच्या जागेत घुसली की सगळं मातीत. उद्या सकाळी फोन करतो, मग करू."

सखाहरीला काकूंचं बोलणं आठवलं. मधे फळी, छप्पर एक. म्हणजे काकूंना पण हेच माहीत होतं! मग उद्यापर्यंत कशाला थांबायचं? तो उठला आणि महिपत सुताराकडं गेला.

"महिपतराव, घरात पार्टिशन घालायचंय."

"आता मधेच कशाला?" महिपत रंधा मारत होता.

"दुसरी आणलीय."

रंधा थांबला. "दुसरी? आणि पहिली?"

"पहिली राहणारच की. तिला काढून कसं चालेल? सगळं तिच्याकडंच आहे. ती एका बाजूला, ही एका बाजूला. मधे फळी, छप्पर एक."

"पण पहिलीला झालंय काय?"

"फार हळू झालीय हो. लगेच तापते. सकाळी उठवली तर दुपारी कामाला लागते. मधेच गप्प होते, मग काही केल्या हलत नाही."

"तसा तर मीपण आहे," महिपत म्हणाला. मग आवाज खाली घेऊन विचारलं, "वहिनींना माहीत आहे का हे?"

"तिनंच तर सांगितलं. म्हणाली, मी माहेराहून येईपर्यंत बसवून ठेवा."

"आणि मिळाली कुठं?"

"मेव्हण्यानं बघून दिली."

"सख्ख्या मेव्हण्यानं?" महिपत लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"पुण्याहून एसटीनं धाडली. आजच स्टँडवरनं घेऊन आलो."

"नाव काय तिचं?"

"लिनक्स."

"आपल्यातली दिसत नाही."

"परदेशातली आहे. पण मराठी येतं तिला. हलकी आहे, कामाला चपळ आहे. आणि शशी म्हणाला, काही मागत नाही."

महिपतनं घाम पुसला. "मग दोघी एकदम..."

"छ्या! एका वेळी एकच. रोज सकाळी विचारणार, आज जुनी की नवी? आपण सांगायचं."

महिपतनं पुढच्या खोलीत मधोमध प्लायवुडचं पार्टिशन ठोकून दिलं. कामात कसर केली नाही, पण सबंध वेळ सखाहरीकडं असा बघत होता की जणू माणूस नव्यानं भेटलाय. भुसा फार उडत होता. म्हणून सखाहरीनं कागद कापायच्या मशीनवर सुलभाची एक लाल साडी टाकली. मशीन पार्टिशनच्या पलीकडं गेलं, कॉम्प्युटर अलीकडं राहिला.

आता महिपतच्या बायकोचं माहेर आणि सुलभाचं माहेर एकच. बातमीला एसटी लागत नाही.

सकाळी शशीचा फोन आला. "दाजी, पेनड्राइव्ह लावला? मशीन बंद करून चालू करा. हां. आता वरच्या रांगेतलं एफ बाराचं बटण दाबून धरा. मी सांगितल्याशिवाय सोडू नका. थांबा हं, मधे आईचा फोन येतोय."

आणि फोन कट झाला.

तिकडं आई ओरडत होती, "शश्या! बहिणीच्या उरावर परदेशी सवत आणून बसवलीस? माझ्या डोळ्याला पट्टी आहे म्हणून मला दिसणार नाही वाटलं तुला?" शशीनं परोपरीनं विचारलं, कसली सवत? आईनं फोन आपटला. बहिणीचा फोन लागेना, दाजींचाही लागेना. तेव्हा शशीनं रजा टाकली आणि पिंपळदरीची गाडी धरली.

इकडं सखाहरी एफ बारा दाबून बसला होता.

पडद्यावर काय काय येऊन गेलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो बोटाकडं बघत होता. बोट आधी लाल झालं, मग पांढरं झालं. बोट बदलावं का? तसं काही सांगितलं नव्हतं. दुपारी गजराकाकू समई परत द्यायला आल्या.

"ऊठ की, जेव."

"शशीनं सोडायला सांगितलं नाही, काकू."

काकूंनी भाकरी कुस्करली आणि घास भरवले.

तेवढ्यात दारात जीप थांबली. आधी सुलभा उतरली. तिचे डोळे सुजले होते. तिला आधी खरं वाटत नव्हतं. आपला नवरा! त्याला पहिली बायको करायलासुद्धा सांगावं लागलं होतं. पण मधे फळीसुद्धा घातली, असं महिपतच्या बायकोनं शपथेवर सांगितल्यावर तिचाही धीर सुटला. मागनं सखाहरीच्या सासूबाई उतरल्या. एका डोळ्यावर पट्टी आणि वर काळा चष्मा. त्यांच्या मागं बाह्या सारत चुलतभाऊ.

सुलभानं पार्टिशन बघितलं आणि भिंतीला टेकली.

"जावईबापू!" सासूबाई गरजल्या. "कुठाय ती?"

"या ना," सखाहरी म्हणाला. "मला उठता येत नाही. तुम्हीच बसून घ्या."

"बघा! उठत पण नाही आता!" सासूबाई चाचपडत पार्टिशनच्या पलीकडं गेल्या. तिथं अंधारात लाल साडी नेसून, मान खाली घालून कुणीतरी उभं होतं.

"ही बघा सटवी! आणि साडी माझ्या सुलभाची नेसलीय! कुणाची गं तू? तोंड वर कर." लाल साडी गप्प. "पळून येताना तोंड होतं ना? बोल की!"

लाल साडी काही बोलली नाही. सासूबाईंनी पुढं होऊन तिचा दंड धरला. आणि त्यांचा आवाजच बदलला.

"अगं बाई. सुलभा, इकडं ये गं. किती वाळलीय पोर! हाताला नुसती लोखंडासारखी लागतेय. आणि गारठलीय. जेवली का गं काही?"

चुलतभावांनी साडी ओढली. खाली कागद कापायचं मशीन.

सुलभानं मशीन बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. "अहो, दुसरी कुठाय?"

सखाहरीचा हात गुंतला होता. त्यानं हनुवटीनं पेनड्राइव्ह दाखवला. "ही काय. तू म्हणालीस ना, बसवून ठेवा. अजून पुरती बसली नाही."

सुलभा मटकन खाली बसली. आधी हुंदका आला आणि मधेच त्याचं हसू झालं. ती हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी वाहतच होतं. चुलतभावांनी सारलेल्या बाह्या हळूच खाली केल्या. सासूबाई म्हणाल्या, "मशीनची आहे म्हणून आधी नाही का सांगायचं? जीपभर माणसं गोळा केली मी."

दिवस कलताना शशी आला. दारातूनच त्याला दाजींचं बटणावरचं बोट दिसलं.

"दाजी! सोडा!"

सखाहरीनं बोट उचललं. "बरं झालं आलास. फार वेळ लावतो बाबा तुझा एफ बारा."

मग शशीनं स्वतःच मशीनपुढं बसून सगळं केलं. पत्रिका बाजूला काढल्या, आत खरं पार्टिशन घातलं, नवी बसवली. मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर प्रश्न आला. जुनी की नवी? शशीनं नवीवर बोट ठेवलं आणि चहा चुलीवर चढायच्या आत मशीन तयार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंना नीट दिसलं नाही, पण त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

फक्त प्रिंटर जोडायचा राहिला होता. सखाहरी म्हणाला, "एवढं मी करतो. सगळं तूच केलंस तर मी काय बसवलं?" शशीनं एक ओळ सांगितली. सखाहरीनं एका बोटानं ती टाइप केली. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा सांगितली, पुन्हा टाइप केली. पुन्हा नाही. शशीनं वाकून बघितलं.

"दाजी, हे सुरुवातीला 'श्री' काय घातलंत?"

"श्रीशिवाय लिखाण सुरू करू नये."

"आणि शेवटी 'कळावे'?"

"रीत आहे ती."

शशी हात जोडून म्हणाला, "दाजी, मशीनपुढं रीत नाही. समोरचा माणूस बोलेल ते तसंच्या तसं टाइप करायचं. आपलं एक अक्षर घालायचं नाही, त्याचं एक अक्षर गाळायचं नाही. डोकं अजिबात चालवायचं नाही."

"हे तू आधी सांगायचंस. आता कळलं," सखाहरी म्हणाला. आणि गोष्ट अशी पक्की बसली, की आजवरची कुठलीच इतकी पक्की बसली नव्हती.

सासूबाईंच्या डोळ्यात दिवसातनं कितीदा तरी थेंब घालायचे होते. म्हणून सुलभाला पुन्हा माहेरी जावं लागलं. जाताना म्हणाली, "गिऱ्हाईक आलं तर मजकूर टाइप करा, छापा, पाकिटात घालून द्या." आता नवी सिस्टीम होती, नवरा एका दिवसात पुष्कळ शिकला होता, असं तिला वाटलं. सांगितलं ना, एरवी हुशार होती.

दुसऱ्याच दिवशी गुलाबराव ढमाले आले. सोबत त्यांची बायको शालन. मुलीचं लग्न ठरलं होतं, तारीख जवळची निघाली होती. गुलाबराव मुळात संथ माणूस, तोंडात पान. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही लिहा."

"सांगा. एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही."

गुलाबराव बोलत गेले. सखाहरी टाइप करत गेला. सगळं झाल्यावर त्यानं छापलं, घडी घातली, पाकिटात सारलं, सुरेख चिकटवलं. गुलाबरावांनी गठ्ठा काखेत मारला आणि चार गावांत वाटून आले. घाई होती. उघडून कोण बघतो?

पहिला फोन नवरीच्या मामाचा आला. त्यानं फक्त पत्रिका वाचून दाखवली. पत्रिका अशी होती.

"हां, लिहा. वरती गणपती टाका, जरा बऱ्यापैकी. आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. प्रणाली, घरी हिला ठकी म्हणतो, ठकी नका लिहू, हिचा शुभविवाह चि. ऋषिकेश, आडनाव काय गं त्यांचं? शिंगटे. शिंगटेच ना? एकदा चुकलं होतं माझं. इंजिनियर लिहा. दोन विषय राहिलेत, पण इंजिनियरच लिहा. यांच्याशी करण्याचे योजिले आहे. खाली मामाचं नाव घ्या, मोठ्या अक्षरात, नाहीतर रुसून बसतो. आत्याचं राहिलं तरी चालेल, तिला नाही बोलावलं तरी येते. लग्न बारा पस्तीसला. जेवण लगेच लिहा, वाढायला तीन वाजतील. कृपया आहेर आणू नये. असं लिहायचं असतं, लोक आणतात बरोबर. शालन, शिंकू नकोस मधे. आपला नम्र, गुलाबराव ढमाले. झालं. बास. अहो, आता काय टाइप करताय? झालं म्हटलं ना."

मामा रुसला. आत्या आदल्या दिवशी येणार होती, ती आठ दिवस आधीच आली आणि ट्रंक घेऊन आली. शेवटी व्याह्यांचा फोन आला तेव्हा शालनबाई देवापुढं जाऊन बसल्या. लग्न मोडणार, दुसरं काय! पण शिंगटे म्हणाले, "गुलाबराव, ते दोन विषयांचं तुम्हाला कसं सांगावं, या विचारानं मला महिनाभर झोप नव्हती. तुम्ही पत्रिकेतच छापलंत. मोकळं झालो बघा. लग्न ठरल्या दिवशी होणार."

म्हणजे लग्न वाचलं. गुलाबरावांचा राग मात्र वाचला नव्हता. संथ माणूस एकदाच चिडतो. ते तरातरा दुकानात आले. सुलभा त्याच वेळी माहेराहून येऊन पिशवी खाली ठेवत होती. गुलाबरावांनी पान थुंकलं, मूठ टेबलावर आपटली आणि तोंड सोडलं. सखाहरीच्या सात पिढ्या काढल्या. त्याच्या डोक्यात काय भरलंय ते सांगितलं. त्या डोक्याचं काय करावं तेही सांगितलं. बैल, दगड, ओंडका, एकेक करून सगळे झाले. सुलभा मधे पडायला बघत होती, पण तिला फटच मिळेना. शेवटी गुलाबरावांना धाप लागली आणि ते खुर्चीत बसले.

सखाहरीची मान खाली होती. सुलभाला वाटलं, बिचाऱ्याला फारच लागलं. तिनं वाकून बघितलं. तो एका बोटानं भराभर टाइप करत होता. शेवटचं अक्षर पडलं, तशी त्यानं मान वर केली आणि फार अदबीनं विचारलं,

"'ओंडका'पर्यंत सगळं आलंय, गुलाबराव. एक अक्षर गाळलं नाही. प्रती किती काढू?"